टेबलाखालचा तंबू

११ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही. तेवीस वर्षांनी पत्र, आणि तेही साडेचार ओळींचं. शाळेत सिस्टर शिकवायच्या, पत्रात आधी समोरच्याची विचारपूस करावी आणि मग आपलं काम सांगावं. तू विचारपूस सरळ गाळलीस. बरंच केलंस. "कशी आहेस" असं विचारलं असतंस तर मला उत्तर सुचलं नसतं.

ठकीला आठवा महिना लागलाय हे वाचून खुर्चीत बसले ती बराच वेळ उठलेच नाही. आपली ठकी! माझ्या स्टुडिओतल्या उंच स्टुलावर मोठ्या तोऱ्यात चढायची आणि मी कॅमेऱ्याला डोळा लावला की "मावशी, शू" म्हणून उतरायची. तिला आता मूल होणार. नवरा चांगला आहे ना तिचा? तिच्या लग्नाची पत्रिका मला मिळाली होती. पत्ता तुझ्या अक्षरात नव्हता, म्हणून आले नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांना तिचे लहानपणचे फोटो बघायचे आहेत, हे समजलं. आतल्या कॅन्सरच्या गाठीमुळे तिचा डोळा काढावा लागला तेव्हा ती तीन वर्षांचीसुद्धा नव्हती. पण ते दुखणं आलं कधी, दोन वर्षांच्या आत की नंतर, यावरून बाळाला किती धोका ते त्यांना ठरवायचंय. आणि त्याआधीच्या दोन्ही उन्हाळ्यांच्या निगेटिव्ह माझ्याकडे आहेत, म्हणून तुला लिहावं लागलं. "लागलं" हा शब्द तुझाच.

शोधते. स्टुडिओ मी बंद करतेय. आता कोण येतंय फोटो काढायला? सगळं सामान माळ्यावर कोंबलंय आणि माझे गुडघे शिडीला घाबरतात. थोडा वेळ लागेल.

तुझी ताई

१९ एप्रिल

प्रिय धाकटे,

अजून सापडल्या नाहीत. एक खोकं काढलं तर त्यात गिऱ्हाइकांचे पासपोर्ट फोटो निघाले, एकमेकांना चिकटलेले. आधीच सुतकी चेहरे, त्यात ही गत.

पण शोधता शोधता ते उन्हाळे आठवत बसले. तुम्ही महिनाभर राहायला यायचात आणि बाबा दुकानातला कॅमेरा घरी आणायचे. आठवतो का त्यांचा नियम? फोटोसाठी कुणी उठायचं नाही, कपडे बदलायचे नाहीत, केस नीट करायचे नाहीत. आई चिडायची. "जगाला नटवून बसवता, आणि घरच्यांना असे अवतारात टिपता." बाबा म्हणायचे, "अगं, नटलेली माणसं मी दिवसभर बघतो. मला जरा माझी माणसं बघू दे."

म्हणून आपल्या घरात कुणाचाही धड फोटो नाही. आई पाठमोरी, भांडी घासताना. बाबा बनियनवर, कलिंगड कापताना, बी गालाला चिकटलेली. तू गच्चीत केस वाळवतेस आणि तुझं तोंडच दिसत नाही. तुझे अहो सतरंजीवर आडवे, तोंड उघडं. तो फोटो मी मोठा करून काचेत लावणार म्हटल्यावर जावईबापू दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते! आणि ठकी टबात, ठकी दारामागे, ठकी टेबलाखाली. जेवायच्या टेबलावर चादरी टाकून तू तिला तंबू करून दिला होतास. भर दुपारी आत मिट्ट काळोख. मी पालथी पडून कॅमेरा आत घातला, तर ती ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोल, वाघ झोपलाय." वाघ म्हणजे तुझे अहो.

त्या एका तंबूत सात फोटो काढले होते. चौथ्यात तिची जीभ बाहेर आहे, सहाव्यात डोळे मोठ्ठे करून सरळ माझ्याकडे बघतेय.

तुला वाटेल, निगेटिव्ह सापडत नाहीत म्हणते आणि हिला आकडे कसे पाठ? फोटोवाल्यांचं असंच असतं. शोधते आहे.

तुझी ताई

२६ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं पत्र झोंबलं. झोंबावं म्हणूनच लिहिलंस. "तुला ठकीचा चेहरा तेव्हाही नको होता, आताही नको आहे. डॉक्टर थांबलेत, निदान त्यांच्यासाठी तरी शिडी चढ."

ते खरं नाही. पण तुला तसं वाटायला मीच कारण दिलं. ऑपरेशनच्या वेळी तुम्ही बावीस दिवस दवाखान्यात होतात आणि मी एकदाही फिरकले नाही. बाबांची तब्येत, दुकान, हे, ते. मग ती सहा वर्षांची असताना शाळेच्या फोटोसाठी तू तिला घेऊन आलीस. तिने नवा फ्रॉक घातला होता, नवा डोळा बसवला होता, आणि आपण होऊन स्टुलावर चढून बसली होती. मी म्हटलं, "फ्लॅश बिघडलाय गं, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जा." तू फ्लॅशकडे पाहिलंस. मी नुकताच एका गिऱ्हाइकाचा फोटो काढला होता, तो माणूस पावती घेऊन अजून दारातच होता. तू म्हणालीस, "माझ्या मुलीचा चेहरा तुझ्या कॅमेऱ्याला चालत नाही होय?" आणि तिला कडेवर घेऊन निघून गेलीस. सहा वर्षांच्या मुलीला कडेवर. तिचे पाय तुझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते.

असो. निगेटिव्हना बुरशी लागली आहे. माळ्यावर ओल होती. काही उरलेलं नाही. पण दोन्ही उन्हाळ्यांचे प्रिंट माझ्या कपाटात चांगले राहिलेत, ते सगळे सोबत पाठवतेय, अकरा आहेत. मागे तारखा घातल्यात. तंबूतला तो सहावा, जो तुझ्या भिंतीवर आहे, तोही त्यांत आहे. डोळे स्वच्छ दिसतात. डॉक्टरांना एवढ्यावर भागेल.

तुझी ताई

६ मे

धाकटे, माझे बाई,

चार पानी पत्र! आधी वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं माझ्या पेटीत टाकलं. मग पहिलीच ओळ वाचली. "ताई, तू मला वाचवलंस."

तुझ्या सासूबाईंचं मला माहीत नव्हतं. म्हणजे बोलायच्या ते माहीत होतं, पण मरेपर्यंत ऐकवत होत्या हे नव्हतं. "आई असून पोरीच्या डोळ्यात बघितलं नाही कधी." आणि दर वेळी तू त्यांना भिंतीवरचा फोटो दाखवायचीस. हा बघा मे महिना, डोळा स्वच्छ आहे, जे झालं ते पुढच्या चार महिन्यांत झालं, मी कुठे कमी पडले नाही. पंचवीस वर्षं तू त्या फोटोकडे बोट दाखवत आलीस. आता डॉक्टरांनीही फोटो बघून तेच म्हटलं, दुखणं दोन वर्षांनंतरचं दिसतं, रक्ताचा अहवाल येईल तेव्हा येईल, घाई नाही, बाळाला दोन-तीन महिन्यांनी दाखवलं तरी चालेल. तू लिहितेस की त्या दिवशी घरी येऊन तू पोटभर जेवलीस.

आणि मला बोलावलंस. ठकी म्हणते, मावशीला कॅमेरा घेऊन यायला सांग. येते. बाळंतपणाच्या आधी येते. मला भाजी चिरायला बसव, बाळाची दुपटी धुवायला दे, काहीही दे.

आज खूप लिहावंसं वाटतंय आणि काही लिहवत नाही.

ताई

१४ मे

धाकटे,

मी येत नाही. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बसून वाच.

निगेटिव्हना बुरशी लागलेली नाही. त्या माळ्यावरही नव्हत्या. माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहेत, सव्वीस वर्षं तिथेच आहेत. आज सकाळी मी त्या कुरिअरने थेट डॉक्टरांच्या नावावर पाठवल्या, पावती हातात आल्यावर मग हे लिहायला बसले. आधी तुला लिहिलं असतं तर पाकीट पुन्हा कप्प्यात गेलं असतं. मी मला ओळखते. डॉक्टरांना फोनही केला. त्यांना सांगितलं, बाळाला जन्मल्याबरोबर तपासा.

तुला ठाऊक आहे, बाबांचा हात कापायला लागल्यापासून दुकानातले ठिपके मी भरायची. निगेटिव्हवर धुळीचा कण असला की कागदावर तिथे पांढरा ठिपका उमटतो. बारीक ब्रशच्या टोकावर रंग घ्यायचा, जिभेला लावून टोक करायचं आणि ठिपका बुजवायचा. गालावर गालाचा रंग, केसांत केसांचा. दिवसाला शंभरेक ठिपके सहज. नवरदेवाच्या दातांमधली फट बुजव, कुणाची चामखीळ घालव. लोक खूश होऊन जायचे. बाबांचं सारखं सांगणं असायचं, बाकी काहीही राहू दे, डोळ्यात खोट असलेला फोटो दुकानाबाहेर जाता कामा नये.

ठकीच्या फोटोत डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं होतं. तंबूतल्या सातांपैकी पाचांत. काळोखात फ्लॅश पडला की डोळा कधी कधी लाल येतो, तो सगळ्यांचाच येतो. तिचा उजवा तसाच लाल होता. डावा लाल नव्हता, पांढरा होता, दुधाच्या थेंबासारखा. मी असं आधी कधी पाहिलं नव्हतं. फ्लॅशची खोड असेल म्हटलं, लॅबवाल्याने घाण पाणी वापरलं असेल म्हटलं, आणि ब्रश घेतला. काळा रंग, एक एक थेंब. मग वर पांढरा बारीकसा कण, डोळा जिवंत वाटावा म्हणून. फार छान जमलं होतं ते काम. तुझ्या भिंतीवर आहे ते माझं काम आहे, ठकीचा डोळा नव्हे.

सप्टेंबरात तुझा फोन आला. तू म्हणालीस, "डॉक्टर म्हणतात, बाहुलीत पांढरं चमकतं, ती याची खूण असते." मी रिसीव्हर कानाला धरून टेबलावरच्या ब्रशांच्या पेल्याकडे बघत होते. म्हणून दवाखान्यात आले नाही. म्हणून त्या दिवशी फ्लॅश बिघडला. ठकीच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा धरायचा माझा धीरच होईना. चेहऱ्याची किळस मला कधीच नव्हती, हे एवढं तरी तुझ्यापर्यंत पोचू दे.

परवा भिंग घेऊन त्या आधीच्या उन्हाळ्याच्या निगेटिव्ह बघितल्या. ती दीड वर्षाची, दारामागे लपलेली, दाराच्या फटीतून बघतेय. तिथेही आहे. फार पुसट, पण आहे. तुला पाठवलेल्या त्याच्या प्रिंटमध्ये तो डोळा स्वच्छ होता, म्हणजे त्यावरही माझा रंग होता. तो भरल्याचं मला आठवतसुद्धा नाही, धूळ समजून भरला असणार. म्हणजे दोन वर्षांच्या आतच होतं, धाकटे. चार महिन्यांत नाही झालं.

गेल्या महिन्यात मी सगळं ठाऊक असून ते प्रिंट तुला पाठवले. त्याला धूळ म्हणता येत नाही. तुझं चार पानी पत्र त्या खोट्यावर मिळालं आणि मी ते आठ दिवस उशाशी ठेवलं. ठेवूनच दिलं असतं. पण "दोन-तीन महिन्यांनी दाखवलं तरी चालेल" ही ओळ दर वेळी मध्ये यायची.

ठकीला तू सांग, किंवा मला सांगू दे. जसं तुला वाटेल तसं.

ताई

३ जून

धाकटे,

ठकीचा फोन आला होता. मुलगी झाली, दोन किलो आठशे, भरपूर केस. जन्मल्याच्या तिसऱ्या दिवशी डोळे तपासले. एका डोळ्यात आहे. राईच्या दाण्याएवढं, कडेला. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर हाती लागलंय की लेझरने जाळता येईल, डोळाही राहील आणि नजरही. एक-दोन महिने उशीर झाला असता तर असं म्हणता आलं नसतं. हे सगळं ठकीने कोरड्या आवाजात सांगितलं, नर्स सांगते तसं. मी रडायला लागले तर म्हणाली, "मावशी, रडू नकोस, मला आत्ता ते ऐकायचं नाहीये." मग म्हणाली, "आईने भिंतीवरचा फोटो काढला. खिळा तसाच आहे." आणि फोन ठेवला.

आज तुझं पत्र आलं. आत एकच ओळ.

"जिन्यातलं का नाही लिहिलंस?"

लिहिलं नाही, कारण मला वाटलं तू विसरली असशील. हेही खोटं. तू विसरली असावीस अशी माझी इच्छा होती. आधीच्या पत्रात मी सगळं कबूल केल्यासारखं केलं आणि तेवढं ठेवून घेतलं. आता लिहिते.

तंबूचे फोटो काढले त्याच संध्याकाळी. तू ठकीला कडेवर घेऊन गच्चीवरून खाली येत होतीस, मी वर चालले होते. जिन्यातला दिवा आपल्या डोक्यांच्या मागे होता. तू मला थांबवलंस. म्हणालीस, "ताई, एक बघ गं. हिच्या डाव्या डोळ्यात कधी कधी मांजरासारखं चमकतं. आत्ता बघ, मान अशी केली की." तू तिची मान वळवलीस. मी बघितलं. बघितलं म्हणजे नजर टाकली. म्हणाले, "दिव्याचं आहे ते. तुला कशातही काहीतरी दिसतं."

तू म्हणालीस, "अगं पण चार-पाच वेळा दिसलं. यांना सांगितलं तर हसले. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पोरीला दृष्ट लावतेस. तू फोटोवाली आहेस, तुला डोळ्यांचं कळतं. दाखवू का कुणाला?"

मी म्हणाले, "आज फ्लॅश मारून सात फोटो काढलेत. काही असलं तर त्यात येईल. रोल धुऊन येऊ दे, मग बघू."

आणि तू हायसं वाटून खाली गेलीस.

दोन दिवसांनी रोल आला. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही निघणार होतात. सामान दारात बांधून ठेवलं होतं, आई तुझ्यासाठी डबा भरत होती आणि डोळे पुसत होती. मी दुकानात एकटी, पाच फोटोंत तो पांढरा थेंब. तू जे म्हणाली होतीस तेच, त्याच डोळ्यात. मला ते कळलं होतं. धूळ वाटली नव्हती, लॅबचं पाणी वाटलं नव्हतं. ते सगळं मी नंतर, सप्टेंबरनंतर, स्वतःला समजावायला जमवलं. तेव्हा मनात एवढंच आलं की हे दाखवलं तर ही घाबरेल, निघणं रद्द होईल, हिचे अहो चिडतील, आईचं ब्लडप्रेशर वाढेल, सुट्टीचा शेवटचा दिवस नासेल. आणि फोटो इतका सुरेख होता! सहावा. माझ्या हातून तसा फोटो पुन्हा निघाला नाही. तो मला काचेत लावायचा होता. मी म्हटलं, असेल काहीतरी साधं, पुढच्या सुट्टीत आली की बघू. आणि ब्रश जिभेला लावला.

घरी आले आणि फोटो तुझ्यापुढे धरला. रंग पुरता वाळलाही नव्हता, म्हणून कडेने धरला होता. म्हणाले, "हे बघ. दिसतंय का काही?"

तू दिव्याखाली नेऊन निरखून पाहिलास. तुझ्या चेहऱ्यावरची आठी गेली. "मीच वेडी," म्हणालीस आणि हसलीस, आणि तिथेच ठकीचा मुका घेतलास. मी तुला हसू दिलं. फोटो तुला देऊन टाकला, भिंतीवर लाव म्हटलं.

तुझ्या सासूबाई म्हणायच्या की तू पोरीच्या डोळ्यात बघितलं नाहीस, आणि तू त्यांना माझा फोटो दाखवायचीस. दाखवण्यासारखं तुझ्याकडे दुसरं होतं. तू बघितलं होतंस. सगळ्यांच्या आधी, जिन्यातल्या त्या पिवळ्या दिव्यात, चार-पाच वेळा. तुला जे दिसलं ते तिथे होतं.

ताई